पंखा पुढेच फिरवायचा

नवतपा लागला आणि माझ्या कूलरची मोटर जळली. हे सलग तिसरं वर्ष. मे महिन्याच्या शेवटी सूर्य रोहिणीत शिरला की नऊ दिवस नागपूरकर एकमेकांशी दोनच विषयांवर बोलतात, काल किती होतं आणि आज किती जाईल. या नऊ दिवसांत कूलरशिवाय माणूस जगू शकत नाही, आणि नेमक्या याच नऊ दिवसांत माझी मोटर आधी गुणगुणते, मग कण्हते, मग जळक्या वार्निशचा वास सोडून गप्प होते. बेसाच्या चौकातल्या ज्या दुकानात मी ती वायंडिंगला देते, तिथे तारेचे वेढे मोजतच नाहीत असा माझा दाट संशय आहे. शेजारच्या वहिनी दर वर्षी विचारतात, "मॅडम, तुमी तं सीताबर्डीच्या शब्बीरभाईकडे देत होत्या ना? मंग आता काहून नाही देत?"

"दूर पडतं हो," मी म्हणते. खोटं बोलते.

तो जळका वास नाकात गेला की मला चार वर्षांपूर्वीचा नवतपा आठवतो, आणि आठवला की डोकं तापतं. बाहेर शेहेचाळीस असताना आणखी डोकं तापवून घेण्यात काही अर्थ नाही हे मला कळतं. पण आठवण काही वेळकाळ विचारून येत नाही.

हिंगण्याच्या बाजूला एक इंजिनिअरिंग कॉलेज आहे. त्याच्या मागच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली एक विमानाचं इंजिन पडून होतं. विमान साधंसुधं नव्हे, महायुद्धातलं चार इंजिनांचं बॉम्बर, लिबरेटर. युद्ध संपल्यावर ही विमानं भारतातच मोडून टाकली होती, आणि आपल्या लोकांनी ती मोडकी विमानं पुन्हा जोडून पुढे वीसेक वर्षं उडवली. त्यातलंच एक इंजिन कुठल्याशा जुन्या प्राचार्यांनी मुलांना शिकवायला म्हणून भंगारातून उचलून आणलं आणि मग ते सगळेच विसरले. मी पहिल्यांदा ताडपत्री ओढली तेव्हा आतून चिमण्यांची दोन घरटी आणि कुणाचा तरी हरवलेला डबा निघाला. पण इंजिन! मधोमध एक दांडा आणि भोवती सूर्यफुलाच्या पाकळ्यांसारखे चौदा सिलिंडर, सात पुढे, सात मागे. तीस वर्षं मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडची शिल्पनिदेशक होते, लोखंडाला कानसून आयुष्य काढलं, पण इतकं देखणं लोखंड पाहिलं नव्हतं. मी त्याच्यासमोर उकिडवी बसले ती तासभर उठलेच नाही.

कॉलेजचा सुवर्णमहोत्सव होता. हे इंजिन एका मांडणीवर बसवून, पंखा लावून, पाहुण्यांसमोर चालू करून दाखवायचं असं प्राचार्यांच्या मनात आलं. त्याचे नटबोल्ट जुन्या इंची आट्यांचे, बाजारात मिळत नाहीत, ते लेथवर कापून देणारं कुणी पाहिजे म्हणून त्यांनी मला बोलावलं. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि घरात बसून सुनेच्या फोडण्यांत चुका काढत होते. सगळ्यांनाच सुटल्यासारखं झालं.

वर्तमानपत्रात दोन ओळींची बातमी आली, आणि तिसऱ्या दिवशी शेडच्या दारात ऑटो थांबला. आतून पांढरा शर्ट, पायात बूट, हातात स्टीलचा डबा आणि खांद्यावर स्वतःचं फडकं घेतलेले एक म्हातारे उतरले. दिनकरकाका. ऐंशीला टेकलेले. विशीत असताना ते याच विमानांच्या इंजिनांवर फिटर होते. कुणाला काही न विचारता ते इंजिनाजवळ गेले, खालच्या एका सिलिंडरवर तळहात ठेवला आणि सावकाश फिरवला. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तूच काय वं ते आटे कापणारी? दाखव हात."

मी हात पुढे केले. त्यांनी बोटांवरचे जुने वण पाहिले.

"कोष्ट्याची पोरगी आहेस."

"हो. बाबांचा माग होता. पण हे वण लेथचे आहेत, काका."

"एकच आहे ते," ते म्हणाले आणि डबा खिळ्याला अडकवून कामाला लागले.

काकांचा डावा कान पूर्ण गेला होता. उजव्यात यंत्र होतं. आयुष्यभर ज्या इंजिनांशेजारी उभे राहिले त्यांनीच तो खाल्ला होता. धंतोलीच्या कानाच्या डॉक्टरांनी त्यांना स्पष्ट सांगितलं होतं की उजवा कान दिवाळीपर्यंत राहिला तर राहिला. काकांनी ते मला एखाद्या सुट्या भागाची तारीख सांगावी तसं सांगितलं. "तवर हे चालू झालं पायजे. मले एकदा आयकाचं आहे. मंग कान गेला तरी चालते." मला त्या दिवशी कळलं की मी सुवर्णमहोत्सवासाठी काम करत नाही.

आणि मग सुरू झाली कटकट. इंजिन खोलून पाहण्याआधी त्याला चंदेरी रंग मारून घ्यावा असं प्राचार्यांचं मत होतं, फोटो चांगले येतात म्हणून. सिलिंडरला गार ठेवणाऱ्या पातळ पापुद्र्यांवर रंगाचे थर बसले तर त्यांना वारा कसा लागणार, हे मी त्यांना तीन वेळा समजावलं. तिन्ही वेळा त्यांनी मान डोलावली आणि चौथ्या दिवशी रंगारी पाठवला. त्याच्या हातातून डबा मी अक्षरशः हिसकावून घेतला. कॉलेजातले दोन प्राध्यापक रोज येत, मोबाइलवर काहीतरी पाहत आणि आम्ही जे करत होतो ते चुकतंय असं सांगून एसी केबिनमध्ये परत जात. पत्र्याची शेड. दुपारी पाना हातात धरवायचा नाही, म्हणून आम्ही पाने पाण्याच्या बादलीत ठेवायचो. खिशात कांदा, डोक्याला दुपट्टा, मडक्यात पन्हं. काका मात्र शर्टाचं वरचं बटणसुद्धा उघडत नसत.

खरा वैताग होता मॅग्नेटोचा. मॅग्नेटो म्हणजे इंजिनाला ठिणगी देणारा भाग. त्याच्या आतली केसासारखी बारीक तार जळून गेली होती. ती पुन्हा गुंडाळणारा माणूस अख्ख्या गावात एकच, सीताबर्डीचा शब्बीरभाई, माझ्या कूलरच्या मोटरी वीस वर्षं भरून देणारा. मोठ्या हौसेने त्याने ते काम घेतलं आणि मग रोज पुढे ढकललं. उन्हाळा म्हणजे त्याचा हंगाम. दुकानात मोटरींचा ढीग आणि बाहेर घामाने निथळणारी गिऱ्हाइकं. मी जाऊन भांडले.

"पयले माणसं थंडे होऊ द्या मॅडम," तो मान वर न करता म्हणाला, "मंग तुमचं विमान गरम करू."

पण केलं त्याने. दुकान बंद झाल्यावर घरी नेऊन, भिंग लावून, हजारो वेढे. मॅग्नेटो हातात देताना म्हणाला, "एक भी वेढा कमी निघाला तं शब्बीर नाव नाही." आम्ही तपासलं. ठिणगी निळी आणि अशी कडकडीत की काकांनी यंत्राच्या कानानेही ऐकली.

काका इंजिन हाताने वाचत. चालू करून पुन्हा बंद केलं की ते एकेका सिलिंडरवर हात फिरवत जाणार होते. चौदांतला जो थंड लागेल तो आळशी, पेटत नाही, असा त्यांचा साधा हिशोब. पण नवतप्यात चढत्या उन्हात सगळंच लोखंड इतकं तापतं की आळशी आणि कष्टाळू सारखेच लागणार. म्हणून चालू करायचं ते सूर्य वर यायच्या आत, सहा वाजता, हे त्यांनी प्राचार्यांना बजावलं होतं.

त्यांचा दुसरा नियम मी रोज सकाळी ऐकायचे. गोल इंजिन बंद उभं राहिलं की तेल झिरपत खालच्या सिलिंडरांत उतरतं. म्हणून चालू करायच्या आधी पंखा हाताने बारा पाती फिरवायचा, म्हणजे बारा पाती समोरून जाईपर्यंत. मध्येच अडकला तर समजायचं की खाली तेल साचलंय. तेल काही दाबलं जात नाही. जोर केला तर आतला दांडा वाकतो. मग काय करायचं? खालचे सगळे प्लग काढायचे, तेल गळू द्यायचं, प्लग परत लावायचे. तासाभराचं मरण. "पंखा पुढंच फिरवाचा," काका बोट उगारून म्हणत. "अटकला तं थांबाचं. मांगे कदी नाही. मांगे घेतला तं पंखा मोकळा होते, पण तेल हवेच्या नळीत जाऊन लपून बसते. इंजिन चालू झालं का वापस येते अन् दांडा मोडते." मी हे वहीत लिहून ठेवलं होतं. ती वही अजून आहे.

सोहळ्याच्या दिवशी आम्ही पावणेसहालाच बारा पाती फिरवली. लोण्यासारखा फिरला पंखा. सहा वाजले, पाहुणे नाहीत. सात वाजले, आठ वाजले. खुर्च्यांवर पांढरी कापडं, मुलींच्या हातात कोमेजलेले गुच्छ, माइकवर कुणीतरी एक-दोन-तीन म्हणतंय. शब्बीरभाई भर हंगामात दुकान बंद करून, इस्त्रीचा शर्ट घालून, शेवटच्या रांगेत बसला होता. आपली ठिणगी ऐकायला. साडेनऊला पाहुण्यांच्या गाड्या आल्या. तोवर शेडचा पत्रा तडतडत होता आणि इंजिनातलं तेल पाण्यासारखं पातळ झालं होतं. भाषण झालं. पाहुणे घड्याळ पाहू लागले. प्राचार्य दुरून मला हातवारे करत होते, आटपा, आटपा.

काका इंजिनाच्या मागे, खाली वाकून उभे. मी पुढे, पंख्यापाशी. पुन्हा बारा पाती फिरवायची होती. पाच फिरली. सहाव्याला पंखा अडकला.

मला राग आला. आधी पाहुण्यांचा, मग प्राचार्यांचा, उन्हाचा, तेलाचा, सगळ्यांचा. आता प्लग काढले तर पाहुणे उठून जाणार, प्राचार्य "पुढे कधीतरी" म्हणणार, आणि पुढे कधीतरी म्हणजे दिवाळीनंतर. तीस वर्षं मी पोरांना आटे पाडायला शिकवलं. टॅप लोखंडात अडकला तर काय करायचं? अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. कचरा तुटतो, टॅप मोकळा होतो, पुन्हा पुढे. बाबांच्या मागावरही धोटा चुकला की कापड थोडं मागे सैल सोडायचं. माझ्या हातांना दुसरं काही ठाऊकच नाही. विचार पूर्ण व्हायच्या आत हातांनी पंखा वीतभर मागे घेतला. तो मोकळा झाला. मी पुढे ओढला आणि उरलेली पाती मोजली. कुणी पाहिलं नव्हतं. मी काकांकडे पाहून अंगठा वर केला आणि त्यांनी कळ दाबली.

आधी ते खोकलं. निळा-पांढरा धूर शेडभर झाला, गुच्छवाल्या मुली किंचाळल्या. मग एक सिलिंडर, मग तीन, मग सगळे. तो आवाज मला शब्दांत सांगता येत नाही. तो कानात शिरत नव्हता, छातीतून आत येत होता, पायाखालची फरशी त्याने हलत होती. काकांनी कानातलं यंत्र काढून खिशात टाकलं. आता त्याची गरज नव्हती. डोळे मिटले होते आणि तोंड किंचित उघडं होतं, लहान मुलाला झोपेत दूध आठवावं तसं. मी सेकंद मोजत होते. अकरा.

मग आत काहीतरी मोडल्याचा धडाका झाला, पंखा झटका देऊन थांबला आणि खालून काळं तेल जमिनीवर सांडलं.

प्राचार्यांनी माइकवर "तांत्रिक अडचण" म्हटलं. पाहुणे गेल्यावर मात्र सगळ्यांदेखत मोठ्याने म्हणाले, "विमानाचा पार्ट कूलरवाल्याकडे दिल्यावर दुसरं काय होणार?" सगळ्या माना शेवटच्या रांगेकडे वळल्या. शब्बीरभाई माझ्याकडे पाहत होता. मॅग्नेटो मी स्वतः तपासला होता हे त्याला ठाऊक होतं. माझ्या एका वाक्याची तो वाट पाहत होता. मी वाकून सांडलेलं तेल पुसायला लागले. फडकं काकांचं होतं हे मला नंतर दिसलं.

हे चार वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नव्हतं. सगळ्यांवर चिडले, ते मात्र मन लावून केलं. प्राचार्यांना शिव्या घातल्या, पाहुण्यांना घातल्या, नवतप्याला घातल्या. शब्बीरभाईच्या दुकानावरून जायला नको म्हणून बर्डीत जाताना वळसा घेते. आणि दर वर्षी बेसाच्या दुकानात मोटर जाळून घेते.

इंजिन आता कॉलेजच्या फाटकाशी चौथऱ्यावर आहे. अखेर चंदेरी झालंच. मुलं त्याच्यासमोर फोटो काढतात. मी एकदा गेले होते तेव्हा एका सिलिंडरवर कुणीतरी कोल्ड्रिंकची बाटली ठेवली होती. मी ती उचलून कचऱ्यात टाकली आणि रखवालदाराशी भांडून आले.

काकांचा उजवा कान दिवाळीचीही वाट न पाहता दसऱ्यालाच गेला. ते रामदासपेठेत मुलाकडे राहतात. मी महिन्यातून एकदा जाते. ते बोलतात, मी पाटीवर लिहून उत्तर देते. लहान मुलांची काळी पाटी, कडेला लाल-पिवळे मणी. त्या पाटीवर मी चार वर्षांत सुनेच्या तक्रारी लिहिल्या, संत्र्यांची चव गेल्याचं लिहिलं, उड्डाणपुलाचं काम कधीच संपणार नाही असं लिहिलं. ते मात्र लिहिलं नाही. बोलायचं असतं तर एखाद्या दिवशी तोंडातून निसटलंही असतं. लिहायचं म्हटलं की अक्षर काढावं लागतं.

काल जळकी मोटर पिशवीत घालून मी त्यांच्याकडे गेले. त्यांनी नाक वर करून हुंगलं. "वायंडिंग जळली वाटते वं. आता काहून बर्डीला देत नाहीस?"

मी पाटी ओढली. हात घामाने ओला होता, पेन्सिल सटकत होती. लिहिलं, 'त्या दिवशी पंखा अडकला होता. मी मागे घेतला. इंजिन मी मोडलं.'

काकांनी पाटी दूर धरून वाचली. चष्मा काढून पुसला.

"माहीत आहे मले."

त्यांनी चष्मा परत चढवला.

"माया हात खालच्या नळीवर होता. तेल आत उतरलं ते हाताले समजलं."

मी पाटी पुसली नाही, त्याच अक्षरांवर मोठ्याने लिहावं तसं लिहिलं, 'मग थांबवलं का नाही?'

"थांबवलं असतं तं प्लग काढा लागले असते. पाहुणा गेला असता, अन् तुया सायबानं दुसऱ्याच दिवशी चांदी फासली असती. माया कान थांबणार होता काय?" ते खिडकीकडे पाहत म्हणाले, "तू फिरवला, मी फिरू देल्ला. चौदा सेकंद चाललं."

'अकरा,' मी लिहिलं.

"चौदा. तुले मोजता येत नाही."

मला इतका संताप आला की मी उठून दारापर्यंत गेले. चार वर्षं! चार वर्षं हा माणूस समोर बसून माझ्या संत्र्यांच्या गप्पा वाचत होता. परत आले आणि लिहिलं, 'मला सांगितलं का नाही?'

"तू सांगाची वाट पाहून राहिलो होतो," काका म्हणाले. मग पाटी माझ्या हातातून घेऊन ओल्या फडक्याने स्वच्छ पुसली आणि उलटी ठेवली. "मले सांगून काय होते? ज्याले सांगाचं त्याले सांग. जा. ऊन उतराची वाट नको पाहू."

वळसा न घेता बर्डीत जायला फार वेळ लागत नाही. रस्ताभर मी वाक्यं जुळवत होते. दुकानात तोच मोटरींचा ढीग, तीच गिऱ्हाइकं, भिंतीवर जुनंच कॅलेंडर. शब्बीरभाईची दाढी पांढरी झाली होती. मी पिशवीतून मोटर काढून फळीवर ठेवली. जुळवलेलं पहिलं वाक्य घशापर्यंत आलं.

त्याने मोटर उचलली, हुंगली, उलटीपालटी करून पाहिली. वर न बघता त्याने विचारलं, "याचा पंखा तं उलटा नाही फिरवला ना मॅडम?"

काकांनी त्याला कधी सांगितलं होतं, त्याच आठवड्यात की त्याच दिवशी, मी विचारलं नाही. त्याने पायाने स्टूल माझ्याकडे सरकवलं. मी बसले आणि जे सांगायला आले होते ते पहिल्यापासून, सगळ्या गिऱ्हाइकांसमोर, मोठ्याने सांगायला लागले.